जुना पार्ट आणलाय का? पार्टच्या दुकानात नव्यानं उभं राहणाऱ्यांसाठी

मोटारसायकलच्या पार्टच्या दुकानात नव्यानं लागलेल्या पोराला पहिल्या महिन्यात पार्टची भीती वाटते. रॅकवर शेकडो डबे, प्रत्येकावर नंबर. मालक म्हणतो, "कोनसेट काढ," (हँडल ज्यावर फिरतं तो बेरिंगचा संच) आणि हात भलत्याच खणात जातो. ही भीती दोन-तीन महिन्यांत आपोआप निघून जाते. माणसांची भीती मात्र बराच काळ राहते, कारण तिच्याबद्दल कुणी शिकवत नाही. परभणी जिल्ह्यात तालुक्याच्या गावी मोंढ्याच्या रस्त्याला आमचं दुकान आहे. वीस वर्षांहून जास्त काळ मी त्या काउंटरमागे उभा आहे. माझ्याकडे शिकलेल्या पोरांना जे तोंडी सांगत आलो, तेच इथं लिहितोय.

आधी एवढं डोक्यात घ्या. आपल्याकडे कुणी हौसेनं येत नाही. कापडाच्या दुकानात माणूस घरच्यांना घेऊन येतो, आपल्याकडे तो गाडी बंद पडली म्हणून येतो. दुधाचे कॅन अडकलेले असतात, पोरीचा पेपर असतो, बाजाराचा दिवस हुकत असतो. त्यामुळे तो आला की आवाज चढलेला असतो. तो तुमच्यावर चिडलेला नसतो, त्याची गाडी रस्त्यात उभी असते.

पार्ट काढण्याआधी माणूस बघा

गिऱ्हाईक पायरी चढतं तेवढ्यात बरंच कळतं. हाताला ग्रीस असेल तर त्यानं गाडी स्वतः उघडली आहे आणि घरी चार नट ताटलीत काढून ठेवलेत. त्याला पार्टसोबत दोन शब्द समजावून सांगावे लागतील. शर्ट घामानं भिजला असेल तर तो गाडी ढकलत आला आहे. मे महिन्यात आपल्याकडे बेचाळीस-त्रेचाळीस अंश सहज होतं. अशा माणसाला "काय पाहिजे?" विचारू नका. माठातलं पाणी पुढं करा, स्टूल सरकवा, "बसा काका, पाणी प्या, मग सांगा" म्हणा. आमच्या दुकानात भांडणं कमी होतात याचं मोठं श्रेय मी त्या माठाला देतो.

हातात चिठ्ठी असेल तर तो मिस्त्रीकडून, म्हणजे गाडी दुरुस्त करणाऱ्याकडून आलाय. हातात मोबाईल पुढं धरलेला असेल तर फोटो आहे, नाहीतर पलीकडे मिस्त्री बोलतोय. अशा वेळी फोन तुम्ही घ्या आणि थेट बोला. मधल्या माणसाच्या तोंडून आलेला पार्ट चारांतला एकदा चुकतो.

पहिला प्रश्न

"जुना पार्ट आणलाय का?" हा पहिला प्रश्न. गाडी कोणती, हे त्याच्या नंतर. जुना पार्ट काउंटरवर आला की निम्मी चर्चा संपते. झिजलेला, तुटलेला, चिखलात भरलेला असला तरी चालेल. बेरिंग असेल तर फडक्यानं कड पुसा आणि नंबर वाचा. ६२०३ म्हणजे आतलं भोक १७ मिलिमीटर, बाहेरचा व्यास ४० आणि जाडी १२. शेवटचे दोन आकडे भोकाचे असतात. ०० म्हणजे १०, ०१ म्हणजे १२, ०२ म्हणजे १५, ०३ म्हणजे १७, आणि ०४ पासून पुढं पाचनं गुणा, म्हणून ६२०४ चं भोक २०. नंबरापुढं झेडझेड असेल तर दोन्ही बाजूंनी पत्र्याचं झाकण, टूआरएस असेल तर रबराचं. चिखलातून जाणाऱ्या गाडीला रबराचं बरं, हे गिऱ्हाइकाला सांगा. नंबर पुसला गेला असेल तर व्हर्नियर (बारीक माप घ्यायची सरकपट्टी) काढा आणि त्याच्या डोळ्यांदेखत मोजा. आपण मोजतोय हे दिसलं की तो शांत होतो.

जुना पार्ट नसेल तर मग गाडीकडे वळा. "स्प्लेंडरचं द्या" हे वाक्य तुम्ही दिवसातून वीसदा ऐकाल. स्प्लेंडर १९९४ पासून रस्त्यावर आहे, तेव्हापासून आजवरच्या सगळ्या गाड्यांना लोक तेच नाव घेतात. काहीजण पॅशनलाही स्प्लेंडर म्हणतात. गावाकडची जुनी मंडळी अजून "हिरो होंडा" म्हणतात, मग गाडी गेल्या वर्षी घेतलेली का असेना. त्यांना दुरुस्त करत बसू नका. पुढचे प्रश्न विचारा. किक आहे की सेल्फ? स्पोक की अलॉय? पुढं ड्रम की डिस्क? कोणत्या साली घेतली?

सालाच्या प्रश्नात एक खाच आहे, ती नीट समजून घ्या. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६, म्हणजे गाडीच्या धुराचा नवा नियम आला आणि बहुतेक गाड्यांचं कार्बोरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं. गिऱ्हाईक "२०२० ची आहे" म्हणालं, तर ती जुन्या साठ्यातली मार्चमध्ये घेतलेली बीएस-४ असू शकते किंवा नंतरची बीएस-६. दोन्हींचे कितीतरी पार्ट वेगळे. म्हणून आरसी मागा, त्यावर गाडी बनल्याचा महिना आणि वर्ष असतं. आरसी नसेल तर हँडलखाली चासी नंबर बघा. सतरा अक्षरं असतात, बहुतेक गाड्यांत दहावं अक्षर वर्ष सांगतं. के म्हणजे २०१९, एल २०२०, एम २०२१, एन २०२२, पी २०२३, आर २०२४. मधलं ओ आणि क्यू गाळलेलं आहे, शून्याशी गल्लत होऊ नये म्हणून. माझ्याकडच्या एका पोरानं ही यादी काउंटरच्या आतल्या बाजूला चिकटवली आहे. तीन वर्षं झाली, कागद काळा पडलाय, पण रोज उपयोगी पडतो.

नाव माहीत नसलेले पार्ट

हे आपल्या धंद्यातलं सगळ्यात गोड काम आहे. "मालक, ते गोल असतंय बघा, त्याच्यात ते बसतंय, ते द्या." "चाकातलं ते काळं रबर, भाकरीच्या चतकोरावानी." हे दुसरं वर्णन तर इतकं नेमकं आहे की हब रबरला मी मनात आता चतकोरच म्हणतो. पायानं दाबायचं की हातानं ओढायचं, इंजिनात की चाकात, तेल लागतं की नाही, एवढं विचारलं की डबा सापडतो. हसू आलं तर त्याच्यासोबत हसा. त्याच्या नावाला हसलात तर तो पुढच्या वेळी दुसऱ्या दुकानात जाईल.

काहीजण आवाज काढून दाखवतात. एक मामा दर दोन महिन्यांनी येतात आणि दुकानात उभं राहून हुबेहूब इंजिन वाजवतात. "चढाला लागली की कर्रर्र करायलीय, उताराला गप." त्यांचा आवाज नीट ऐका आणि मग विचारा की तो कधी येतो. पुढचा ब्रेक दाबल्यावर हँडलपाशी 'खट' होत असेल तर कोनसेट ढिला किंवा गेलेला. ब्रेक दाबला की 'किर्र' असेल तर लायनर संपलं. रेस धरली-सोडली की मागं झटका बसून 'खट' होत असेल तर चेन ढिली किंवा हब रबर गेलेलं. तरीही पार्ट लगेच विकू नका. "एकदा मिस्त्रीला दाखवा, हे असू शकतं" एवढंच म्हणा. अंदाजानं दिलेला पार्ट परत येतो आणि सोबत राग घेऊन येतो.

एका आजोबांचं सांगतो. वीस किलोमीटरवरच्या गावाहून ते एसटीनं आले. खिशातून सुतळी काढली, तिला दोन गाठी मारलेल्या. "क्लच वायर एवढी पाहिजे." मी सुतळी काउंटरवर ताणली, त्या मापाची केबल शोधली, आजोबा खूश होऊन गेले. तिसऱ्या दिवशी परत. केबल लागेना. चूक माझी होती. सुतळी बाहेरच्या नळीच्या मापाची होती, आतली तार किती बाहेर यायला पाहिजे ते मी विचारलंच नव्हतं. केबलला दोन मापं असतात. एक बाहेरच्या आवरणाची लांबी आणि दुसरं, तार एका टोकाला पूर्ण ओढली की दुसऱ्या टोकाला उघडी किती राहते ते. दुसरं माप दोन सेंटिमीटरनं चुकलं तरी लिव्हर एक तर सैल राहतं नाही तर ताणलेलं. मी केबल बदलून दिली, एसटीचं भाडं द्यायला लागलो तर त्यांनी घेतलं नाही. पुढच्या पावसाळ्यात ते एक्सलेटर केबलसाठी आले तेव्हा सुतळीला चार गाठी होत्या. "आता बरोबर मोजलंय बघा." ते माप अगदी बरोबर होतं.

गाडी बिघडलेलीच नसते तेव्हा

काही तक्रारी अशा असतात की विकायला काहीच नसतं. "लाइटचं बटण गेलंय, दिवसासुद्धा लाइट बंद होईना गेली, स्विच द्या." बऱ्याच नव्या गाड्यांना ते बटणच नसतं. १ एप्रिल २०१७ पासून दुचाकीचा हेडलाइट गाडी चालू असेपर्यंत सुरूच राहावा असा नियम आहे, समोरच्याला गाडी लांबून दिसावी म्हणून. हे सांगितल्यावर लोक दोन मिनिटं विश्वास ठेवत नाहीत. मग रस्त्यावरून जाणाऱ्या तीन नव्या गाड्या दाखवा, सगळ्यांचे दिवे चालू असतात.

दुसरी तक्रार ब्रेकची. "मागचा ब्रेक दाबला की पुढचं चाक धरायलंय, काहीतरी अडकलंय." एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या गाड्यांना सीबीएस किंवा एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी सोय) सक्तीचं आहे. सीबीएसमध्ये मागचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो. गाडी तशीच बनवलेली आहे. मात्र पुढचं चाक खरंच जाम होत असेल तर केबलचा ताण तपासायला मिस्त्रीकडे पाठवा. काही लोक हे तोडून टाकायला सांगतात, त्यात आपण पडायचं नाही.

अशा वेळी स्विच विकून पाच-पन्नास रुपये मिळवणं सोपं असतं. पण त्या माणसाला चार दिवसांनी खरं कुणीतरी सांगतंच. तुम्ही "काही घ्यायची गरज नाही" म्हणालात तर तो चेन-स्पॉकेट घ्यायला तुमच्याकडेच येतो, आणि सोबत मेव्हण्यालाही आणतो.

पुराच्या वेळचं वेगळं सांगायला हवं. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टी झाली तेव्हा गोदाकाठच्या गावांतल्या गाड्या रात्रभर पाण्यात होत्या. सकाळपासून लोक यायचे, "प्लग द्या, किक मारून मारून दमलो." पाण्यातून काढलेल्या गाडीला किक मारू नका, असं प्रत्येकाला आधी सांगा. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. प्लग काढायचा, ऑइल खाली करून बघायचं. दुधासारखं पांढरं आलं तर आत पाणी गेलंय, ऑइल दोनदा बदलायचं. एअर फिल्टर बदलायचा, टाकीतलं पेट्रोल काढायचं. त्या आठवड्यात आम्ही प्लगपेक्षा ऑइल जास्त विकलं. घरात धान्य भिजलेलं असताना माणूस गाडीसाठी उभा होता. अशा दिवशी भावावर बोलू नये.

भाव

घासाघीस हा इथला रिवाज आहे, तिचा राग मानू नका. "परभणीला कमी मिळतं," "मोबाईलवर बघा केवढ्याला आहे." मोबाईल दाखवला तर शांतपणे बघा. बहुतेकदा फोटोतला पार्ट दुसऱ्या मॉडेलचा असतो किंवा कंपनीचा नसून लोकल असतो. पार्ट नंबर जुळवून दाखवा. खरंच तोच असेल आणि स्वस्त असेल तर मान्य करा. "त्यांना परवडतं, मला एवढ्यात परवडत नाही, पण आत्ता हातात देतो" हे खरं बोलणं लोकांना पटतं.

छापील किमतीत सगळे कर धरलेले असतात. त्यावर एक रुपयाही घ्यायचा नाही, टंचाई असली तरी. सूट द्यायची असेल तर सगळ्यांना सारखी ठेवा. आमच्याकडे ओळखीच्या माणसाला जास्त आणि खेड्यातल्या अनोळखी माणसाला कमी सूट, असं एक पोरगं करायचं. मी त्याला ते बंद करायला लावलं. दोघं एकाच एसटीत बसतात आणि गावी जाऊन बिलं शेजारी ठेवतात.

जीएसटीचा हिशोब पाठ करून ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक पार्टवरचा कर २८ टक्क्यांवरून १८ वर आला. तेव्हापासून लोक म्हणतात, "दहा टक्के कमी करा." कागद घेऊन दाखवा. मूळ किंमत १०० धरली तर आधी १२८ पडत होते, आता ११८. म्हणजे १२८ वर १० रुपये कमी, ते आठ टक्क्यांहून थोडे कमीच भरतात. एका गुरुजींना मी हे लिहून दाखवलं. त्यांनी तो कागद घडी घालून खिशात ठेवला, वर्गात सांगायला.

स्वस्तातलं मागणारा गरजू असतो, त्याला कमी लेखू नका. दोन दर्जे शेजारी ठेवा, वजन हातात घेऊ द्या, फरक सांगा. आरसा, फूटरेस्टचं रबर, सीट कव्हर स्वस्तातलं घेतलं तर बिघडत नाही. ब्रेक लायनर, चेन-स्पॉकेट आणि केबलला मात्र मी सगळ्यात हलका माल ठेवतच नाही. एखादं गिऱ्हाईक त्यामुळे जातं, जाऊ द्या. आपल्या रस्त्यांवर ऊसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रात्री मागच्या दिव्याविना चालतात. तिथं ब्रेक लागलाच पाहिजे.

मिस्त्री

दुकान निम्म्याहून जास्त मिस्त्रींवर चालतं, तरी ते सगळ्यात नाजूक गिऱ्हाईक. त्यांच्या गिऱ्हाइकासमोर त्यांना कधीही खोटं पाडू नका. मिस्त्रीनं चुकीचा पार्ट मागवला हे दिसलं तर "उस्ताद, जरा आत या, एक माल दाखवायचाय" म्हणून बाजूला घ्या.

गॅरेजमधून पोरं येतात, कुणी तिथं दहा-बारा वर्षांपासून काम करणाऱ्यांची, कुणी सुट्टीत शिकायला आलेली. "उस्ताद बोले, वो छोटावाला देव." छोटावाला म्हणजे काय, हे त्यालाही माहीत नसतं. वाटेत क्रिकेटची मॅच लागते आणि नाव विसरतं. त्याच्यावर ओरडू नका, फोन लावा, चिठ्ठी लिहून द्या. असंच "छोटावाला" मागायला येणारा एक मुलगा आज स्वतःचं गॅरेज चालवतो आणि माल आमच्याकडूनच नेतो.

मिस्त्रीला कमिशन द्यायचं की नाही, हे मालक ठरवेल. पण ते गिऱ्हाइकाच्या बिलात भाव वाढवून काढायचं नाही, हे तुम्ही स्वतःपुरतं पक्कं करा.

"खराब पार्ट दिलाय तुम्ही"

हा प्रसंग येणारच. पहिलं काम, काउंटरच्या बाहेर या. आतून बोललं की भांडण वाटतं, बाहेर येऊन गाडीपाशी उभं राहिलं की दोघं मिळून गाडी बघतोय असं होतं.

एक गिऱ्हाईक पंधरा दिवसांत तिसऱ्यांदा बल्ब घेऊन आला. दुकानात चार माणसं होती, त्यानं बल्ब काउंटरवर आपटला. "फसवायला बसलात का इथं?" आमचं पोरगं म्हणालं, "इलेक्ट्रिकचा माल परत होत नाही." झालं, आवाज रस्त्यापर्यंत गेला. मी मीटर घेऊन बाहेर गेलो, त्यालाच म्हटलं, "तुम्ही रेस द्या, मी बघतो." बॅटरीच्या दोन टोकांना मीटर लावलं. गाडी बंद असताना साडेबारा व्होल्टच्या आसपास, ठीक. चालू केली, चांगल्या गाडीत साडेतेरा ते साडेचौदा यायला पाहिजे. यानं रेस वाढवली तसा आकडा पंधरा, साडेपंधरा, सोळाच्या वर गेला. मीटर त्याच्यासमोरच धरलं होतं. "हे बघा, रेग्युलेटर व्होल्टेज आवरत नाही, म्हणून बल्ब उडतात. आणखी महिना गेला असता तर बॅटरीही गेली असती." तो गप्प झाला. रेग्युलेटर बदलला, पुन्हा मोजलं, चौदा पॉइंट दोन. मी शेवटच्या बल्बचे पैसे घेतले नाहीत. कारण तिसऱ्यांदा बल्ब न्यायला आला तेव्हाच आम्ही विचारायला पाहिजे होतं.

तेव्हापासून आमच्याकडे पद्धत आहे. बल्ब, फ्लॅशर, हॉर्न, रिले हे काउंटरखालच्या बॅटरीवर लावून, चालू दाखवून मगच द्यायचं. बिलावर 'तपासून दिले' असं लिहायचं. दोन मिनिटं जातात, पण नंतरचा अर्धा तास वाचतो. सीडीआयसारखा (प्लगला ठिणगी पुरवणारा) माल असा तपासता येत नाही, तो देताना आधीच सांगा की मिस्त्रीकडून खात्री करूनच न्या.

'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' असा शिक्का पुष्कळ दुकानांत असतो. तो मारून आपण मोकळे होत नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९, जो २० जुलै २०२० पासून लागू झाला, त्यात सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापार पद्धत धरली आहे. बिलावर मुदत असेल तर त्या मुदतीत, नसेल तर ३० दिवसांत. बिल न देणंही त्यातच येतं. गिऱ्हाईक १९१५ या हेल्पलाइनवर तक्रार करू शकतं. पण माल सदोष असणं वेगळं आणि गिऱ्हाइकानं चुकीचा नेणं किंवा बसवताना तोडणं वेगळं. नटाच्या आट्या पिळलेल्या, ऑइल सीलच्या ओठाला स्क्रूड्रायव्हरची खूण, या गोष्टी भिंगातून दाखवा. आरोप करू नका, "बसवताना इथं लागलंय बघा" एवढंच म्हणा. ऑइल सील स्वस्त असतं, अशा वेळी मी अर्ध्या किमतीत दुसरं देतो.

दारू पिऊन कुणी वाद घालायला आलं तर काहीही सिद्ध करायला जाऊ नका. "सकाळी या दाजी, मी स्वतः बघतो." सकाळी बहुतेक येतात, आणि वेगळेच असतात.

उधारी

मराठवाड्यात उधारीशिवाय दुकान चालवीन म्हणणारा मी अजून पाहिला नाही. इथला पैसा महिन्याच्या एक तारखेला येत नाही. ऑक्टोबरात सोयाबीन निघालं की, नंतर कापूस वेचून विकला की, कारखान्याचं ऊसाचं बिल आलं की येतो. "सोयाबीन विकलं की देतो" म्हणणारा बहुतेक वेळा खरं बोलत असतो.

नव्या पोरानं स्वतःच्या जबाबदारीवर उधार देऊ नये, मालकाला विचारावं. दिलं तर वहीत तारीख, पार्ट, रक्कम आणि त्याची सही घ्या. मुदतीच्या कायद्यानं विकलेल्या मालाच्या पैशावर दावा करायला तीन वर्षं मिळतात, आणि मुदतीच्या आत त्यानं बाकी मान्य करून सही केली तर तिथून पुन्हा मोजायची. कोर्टात जायची वेळ माझ्यावर कधी आली नाही, पण सही असली की विसरणं कमी होतं.

मागायचं कसं, हे जास्त महत्त्वाचं. चारचौघांत नाही, लग्नात नाही, मयतीला तर नाहीच. बाजाराच्या दिवशी तो एकटा असताना, "आबा, मागची बाकी बघून घेऊ का?" २०१६ साली लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या वर्षी आमच्या वहीची पानंच्या पानं तशीच राहिली. मी फोन करणं थांबवलं होतं. मग पाऊस झाला, आणि दिवाळीच्या आत बहुतेकांनी पैसे आणून दिले. काहींनी सोबत तुरीच्या शेंगा आणल्या.

आणखी काही माणसं

स्कुटीची चावी हातात घेऊन ताई येतात आणि सोबतचा भाऊ किंवा नवरा बोलतो. तुम्ही गाडी चालवणारीशी बोला. ब्रेक कधीपासून ढिला आहे, हे तिलाच माहीत असतं.

'सगळं येणारा' एक असतो. यूट्यूबवर बघून आलेला, तुम्हाला पार्ट नंबरासकट सांगणारा. त्याचं ऐका, कधी कधी तो आपल्यापेक्षा बरोबर असतो, विशेषतः नव्या इंजेक्शनच्या गाड्यांत. चुकीचा असेल तर पार्ट पुढं ठेवा, तोच ओळखेल.

दसऱ्याच्या आदल्या दोन दिवसांत गर्दी इतकी असते की या सगळ्यातलं काहीच जमत नाही. त्या दिवशी एकानं फक्त माल काढायचा, एकानं फक्त पैसे घ्यायचे. झेंडूच्या माळा बांधायला तार मागणाऱ्यांना ती फुकट द्या.

आणि काही म्हातारी माणसं येतात, एक व्हॉल्व्ह पिन घेतात आणि तासभर बसतात. त्यांना उठवू नका. फक्त स्टूल दाराच्या आतल्या बाजूला ठेवा, गर्दीत धक्का लागत नाही.

'नाही'ची वही

रोज आठ-दहा वेळा "नाही" म्हणावं लागतं. तसं म्हणताना मान हलवून मोबाईलकडे बघू नका. कुठं मिळेल ते सांगा, मग ते समोरचं दुकान असो की जालन्याचं. आणि एका वहीत लिहा की काय मागितलं, कोणती गाडी, किती साल. मालक परभणीला किंवा संभाजीनगरला माल आणायला जाईल तेव्हा ती वही सोबत देता येते. गिऱ्हाईक थांबायला तयार असेल तर फोन नंबर घ्या आणि नावापुढं गावही लिहा, कारण आमच्याकडे एकाच नावाची चार-चार माणसं आहेत आणि एकाचा शॉकअप दुसऱ्यानं नेल्याचं एकदा झालं आहे. माल आला की त्याच दिवशी फोन करा. तो म्हणेल, "आता अंधार झालाय, उद्या येतो." त्याचा पार्ट गिऱ्हाइकाचं नाव घातलेल्या पिशवीत, गल्ल्याच्या उजव्या हाताला ठेवून द्या.